माहिती आपली, भरपाई कुणाची?

बोरिवली पश्चिमेच्या एखाद्या मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलेल्या माणसाला चिठ्ठी दाखवायच्या आधीच विचारले जाते, "नंबर सांगा." तो सवयीने सांगतो. काउंटरवरचा मुलगा दहा आकडे टाकतो आणि पडद्यावर त्या माणसाचे नाव, घरपोच औषधे मागवताना दिलेला पत्ता, गेल्या महिन्यातल्या गोळ्या आणि बायकोसाठी नेलेले थायरॉइडचे औषध एकाखाली एक उमटते. पडदा थोडा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. मागे रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्याला तो सहज वाचता येतो. बिल हातात पडते, थोडी सूट मिळते, आणि त्या घरात कुणाला कोणता आजार आहे याची नोंद आणखी एका महिन्यापुरती ताजी होते.

संसदेने 2023 मध्ये मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात औषधाच्या दुकानाचेच उदाहरण दिलेले आहे. कलम 7 खालचा तो दाखला असा: एक ग्राहक औषधे विकत घेते, स्वतःहून आपली माहिती देते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवायला सांगते, दुकानाने तिची माहिती त्या पोचेसाठी वापरावी. बस, तेवढ्यासाठीच. सणासुदीच्या ऑफरसाठी नाही की विमा विकणाऱ्याला देण्यासाठी नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी कल्पिलेला हा व्यवहार अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दिवसभर चालतो. फरक इतकाच की इथे ग्राहक नंबर स्वतःहून देत नाही, तो त्याच्याकडून घेतला जातो. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने विक्रेत्यांना बजावले होते की मोबाइल नंबरासाठी अडून बसणे आणि त्यावाचून बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तरीही "नंबर नाही देणार" असे म्हणणाऱ्या ग्राहकाकडे आजही काउंटरवरची माणसे चमत्कारिक नजरेने पाहतात. "सिस्टिम बिल घेत नाही," हे उत्तर ठरलेले.

पुढच्या पानांत या कायद्याची कलमवार माहिती येईल. कंपन्यांनी काय तयारी करावी यावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे आणि अजून लिहिले जाईल. ज्याच्या नावाने कायदा झाला, त्या सामान्य माणसाला त्यातून काय मिळते आणि त्याच्या हातून काय जाते, हे मात्र त्याच्या भाषेत फारसे कुणी सांगितलेले नाही. ही प्रस्तावना त्या माणसाच्या बाजूने लिहिलेली आहे. तो मुंबईच्या उपनगरात राहतो, कारण कायद्याने ज्यांची ज्यांची नोंद घेतली ते सगळे, म्हणजे दुकान, बँक, अॅप, दवाखाना, शाळा आणि सरकार, इथल्या माणसाच्या एका दिवसात त्याला भेटतात.

या कायद्याचा उगम न्यायालयात आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्या प्रकरणातून निघालेल्या प्रश्नावर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या विस्तृत निकालपत्रात आणीबाणीतला 1976 चा निकाल चुकीचा ठरवला. त्या निकालाच्या बाजूने ज्यांनी मत दिले होते, त्यांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. भारताच्या न्यायिक इतिहासात असा प्रसंग क्वचितच आला असेल.

त्याच सुमारास केंद्र सरकारने कायद्याचा मसुदा करण्यासाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबईकरांना हे नाव नवे नाही. 1992-93 च्या दंगलींची चौकशी करणारा आयोग त्यांचाच. समितीने जुलै 2018 मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. त्यावर आधारित विधेयक 2019 मध्ये संसदेत आले, संयुक्त समितीकडे गेले, ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतले गेले आणि त्याच्या जागी बरेच आटोपशीर असे नवे विधेयक आले. 11 ऑगस्ट 2023 रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. लांबलचक मसुदा आटोपशीर होताना त्यातून एक गोष्ट गळाली. तिच्याविषयी पुढे.

आधी कायदा काय देतो ते पाहू, कारण तो बरेच काही देतो. माहिती घेण्याआधी संमती हवी. ती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली हवी. काय घेणार, कशासाठी घेणार, हे वेगळ्या आणि सोप्या नोटिशीत सांगायला हवे. दहा पानी अटींच्या पोटात दडवून चालणार नाही. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. काम संपले की माहिती पुसली पाहिजे. आपल्याबद्दल काय साठवले आहे हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि आपल्या पश्चात हे हक्क कुणी वापरावेत ते नेमण्याचाही अधिकार आहे. तक्रार केली तर जास्तीत जास्त 90 दिवसांत तिचे निवारण व्हायला हवे. माहिती फुटली तर प्रत्येक बाधित माणसाला विनाविलंब कळवावे लागेल. आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे ही नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावाच लागेल. मराठी त्या 22 मध्ये आहे.

जुन्या माहितीचे काय, हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. गेल्या दहा-बारा वर्षांत शंभर दुकानांत नंबर देऊन झाला आहे. कायद्याने तोही विचार केला आहे. आधी दिलेल्या संमतीबाबतही नोटीस पाठवावी लागेल आणि ती मिळाल्यावर माणूस संमती काढून घेऊ शकेल.

आता सोसायटीच्या गेटवर येऊ. नवा कायदा खरोखर कुणापर्यंत पोहोचतो, याची परीक्षा इथेच आहे.

मुलुंड पश्चिमेच्या किंवा अंधेरीच्या टॉवरमध्ये घरकाम करणारी बाई सकाळी गेटवर येते. वॉचमन मोबाइलवर तिचा कोड टाकतो. तिचा फोटो, नाव आणि नंबर पडद्यावर येतो आणि ज्या ज्या घरी ती काम करते त्या घरांना ती आल्याचा निरोप जातो. बाहेर पडली की पुन्हा नोंद. महिन्याअखेर किती दिवस आली, किती वाजता आली, किती वाजता गेली, हे सगळ्या घरांना कळते. अशा बऱ्याच अॅपवर तिला तारेही दिले जातात: कामाला चार, वक्तशीरपणाला तीन. आणखी कोणत्या घरांत ती काम करते, हेही दिसते. मालकिणीशी पगाराबद्दल बोलताना ही सगळी माहिती मालकिणीच्या हातात असते. बाईच्या हातात काही नसते. तिने ते अॅप उतरवलेले नाही, त्याच्या अटींवर तिने बोट ठेवलेले नाही, आणि आपले तारे तिला स्वतःला दिसत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधारची झेरॉक्स मागितली तेव्हा तिने दिली, कारण न देता काम मिळाले नसते.

या कायद्यानुसार तिची संमती 'मोकळेपणाने' दिलेली ठरेल का? नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरायची मुभा कायद्यात आहे. पण तिचा मालक सोसायटी नाही, फ्लॅटमधले कुटुंब आहे. अॅप चालवणारी कंपनी तर कुणीच नाही. माहिती कशी आणि कशासाठी वापरायची हे जो ठरवतो तो जबाबदार, असे कायदा म्हणतो. मग जबाबदार कोण, मॅनेजिंग कमिटी की अॅप कंपनी? हा वाद या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळासमोर कधीतरी जाईल. गेला पाहिजे. आपल्या नोंदी पाहण्याचा, चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा आणि काम सोडल्यावर त्या पुसून टाकायला लावण्याचा हक्क या बाईलाही तितकाच आहे, जितका विसाव्या मजल्यावरच्या रहिवाशाला. सोसायट्यांनी तो तिला मराठीत, हिंदीत, तिला कळेल त्या भाषेत सांगायला हवा. कायद्याची वाट न पाहता उद्याच्या उद्या करता येण्यासारखे हे काम आहे आणि त्याला कमिटीच्या एका ठरावापलीकडे काही लागत नाही.

गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: शेजारच्या जुन्या इमारतीत वॉचमनच्या टेबलावर अजून पुठ्ठ्याचे रजिस्टर आहे. येणारा प्रत्येक पाहुणा त्यात आधीच्या दहा पाहुण्यांची नावे आणि नंबर वाचतो. त्या रजिस्टरला हा कायदा लागू नाही. डिजिटल स्वरूपात घेतलेली किंवा नंतर डिजिटल केलेली माहितीच कायद्याच्या कक्षेत येते. कागद बाहेर. झेरॉक्स फाइलला लावून ठेवली तर बाहेर, तिचा फोटो काढून कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला की आत.

झेरॉक्सवरून भाड्याच्या घरांकडे वळायला हवे. अंधेरीत नोकरीसाठी आलेले हजारो तरुण लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. आता नोंदणी घरबसल्या होते: एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, आधारवरून ओळख पटते, फोटो निघतो, करार तयार. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण त्या करारात आधार, पॅन, वय, कायमचा पत्ता, फोटो असे सगळे एका पीडीएफमध्ये असते आणि ती पीडीएफ मालक, एजंट, सोसायटीचे ऑफिस आणि भाडेकरूच्या पोलीस पडताळणीसाठी भरायच्या अर्जापर्यंत व्हॉट्सअॅपने फिरते. अकरा महिन्यांनी भाडेकरू घर सोडतो. पीडीएफ सोडत नाही. नोंदणी खात्याने ती ठेवणे हा कायद्याचा भाग आहे. एजंटाच्या फोनमध्ये ती तीन वर्षे पडून राहण्याला कोणताही आधार नाही. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडेच दिसतील अशी 'मास्क्ड' प्रत द्या, असे पत्रक काढले होते. दोनच दिवसांत केंद्राने ते मागे घेतले. सल्ला मात्र चांगला होता, आणि तशी प्रत आजही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते.

भाडेकरूची पीडीएफ फुटली तर त्रास होतो. फोनमधली संपर्कयादी फुटली तर जीव जाऊ शकतो. मे 2022 मध्ये मालाड पूर्वेला एका तरुणाने कर्ज देणाऱ्या अॅपच्या वसुली करणाऱ्यांच्या छळाला कंटाळून आत्महत्या केली. त्याच्या ओळखीच्यांना आणि सहकाऱ्यांना त्याचे विकृत केलेले फोटो पाठवले गेले होते. या अॅपची पद्धत एकच होती. उतरवताना 'कॉन्टॅक्ट्स'ची परवानगी घ्यायची, संपूर्ण यादी उचलायची आणि हप्ता चुकला की मामा, मेव्हणी, ऑफिसातला साहेब, सगळ्यांना फोन करायचे. कर्जदाराने परवानगी दिली होती, असे तेव्हा सांगितले जाई. पण यादीतल्या तीनशे माणसांनी कुठे दिली होती? रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने 2021 मध्ये पाहणी केली तेव्हा कर्ज देणाऱ्या सुमारे 1100 अॅपपैकी 600 बेकायदा निघाली. सप्टेंबर 2022 मध्ये बँकेने मार्गदर्शक सूचना काढून कर्ज देणाऱ्या अॅपना फोनमधली संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फोटो-फाइली उघडायला मनाई केली. नव्या कायद्याने तेच तत्त्व सर्वांना लागू केले आहे. कायद्यातलाच दाखला सांगतो की घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या अॅपने संपर्कयादी मागितली आणि माणसाने 'हो' म्हटले, तरी ती संमती सल्ल्याच्या कामापुरतीच धरली जाईल, कारण सल्ल्यासाठी यादी लागत नाही. हा दाखला आठ-दहा वर्षे आधी आला असता तर अनेक घरे वाचली असती.

मुलांच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे. 18 वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई आहे. घाटकोपर असो की बोरिवली, दहावीचा निकाल लागायच्या आत क्लासेसचे फोन सुरू होतात आणि फोनवरच्या मॅडमना मुलाचे नाव, शाळा, माध्यम सगळे ठाऊक असते. यादी कुठून आली हे विचारले की फोन ठेवला जातो. कायदा पूर्ण लागू झाला की हा प्रश्न 200 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचा होईल. पालकांनी तो विचारत राहावा.

यानंतर येतो कायद्याचा तो भाग, ज्याच्यामुळे या प्रस्तावनेला हे शीर्षक मिळाले.

माहिती फुटणे ही काही दूरच्या देशातली गोष्ट नाही. डिसेंबर 2016 मध्ये मुंबई परिसरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो अहवाल इंटरनेटवर कुणालाही उघडता येतील असे पडलेले आढळले. त्यांत एचआयव्ही चाचण्यांचे अहवाल होते, नावांसकट. 2021 मध्ये एअर इंडियाच्या सुमारे 45 लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचे कंपनीनेच जाहीर केले. त्याच वर्षी एका पिझ्झा साखळीच्या ग्राहकांचे नंबर, पत्ते आणि ऑर्डरी शोधता येतील अशा स्वरूपात बाहेर आल्या. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली ज्येष्ठ नागरिकांना तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर डांबून लुटणाऱ्या टोळ्यांची भीती का बसते? बऱ्याचदा समोरच्याला आपले नाव, पत्ता, आधारचे काही आकडे आधीच ठाऊक असतात म्हणून. फुटलेली माहिती अशा वाटेने गुन्ह्याचे हत्यार बनते.

अशा वेळी नुकसान झालेल्या माणसाला पैसे कोण देणार? महाराष्ट्राकडे याचे एक चांगले उत्तर होते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2009 पासून कलम 43-अ लागू आहे. संवेदनशील माहितीची काळजी घेण्यात हयगय करणाऱ्या कंपनीने बाधिताला भरपाई द्यावी, असे ते सांगते. दावा ऐकतात राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव. राजेश अग्रवाल त्या पदावर असताना त्यांनी अशी अनेक प्रकरणे मंत्रालयात बसून निकाली काढली. 2013 मध्ये पुण्याच्या पूना ऑटो अॅन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेल्याच्या प्रकरणात त्यांनी पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. तक्रारदाराने फसव्या ईमेलला उत्तर दिले होते, ही त्याची चूक हिशेबात धरूनही बँकेची हयगय त्यांनी माफ केली नाही. सामान्य खातेदाराला दिलासा देणारा तो निकाल होता.

नव्या कायद्याने हे कलम 43-अ रद्द करायचे ठरवले आहे. त्याच्या जागी येणार आहे दंड: सुरक्षेत कसूर केली तर 250 कोटींपर्यंत, फुटल्याचे कळवले नाही तर 200 कोटींपर्यंत. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण दंडाची सगळी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्या बाईचा अहवाल फुटला, ज्या निवृत्त शिक्षकाची पेन्शन गेली, त्यांच्या हातात त्यातला एक रुपयाही येणार नाही. दिवाणी न्यायालयाची वाटही कायद्याने या बाबतीत बंद केली आहे. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता, 2019 च्या विधेयकातही होता. आटोपशीर होताना गळाला तो हाच. युरोपात 25 मे 2018 पासून लागू असलेल्या नियमावलीत दंडही आहे आणि नुकसानभरपाईचा स्वतंत्र हक्कही आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जे मिळते, ते त्यांच्या मुलुंडच्या आईवडिलांना का नाही, याचे समाधानकारक उत्तर सरकारने दिलेले नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल नागरिकालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड करण्याची सोय कायद्यात आहे. ज्याने तक्रार करावी म्हणून कायदा केला, त्यालाच दारात धमकी देणे योग्य नव्हे.

तक्रार ऐकणारे डेटा संरक्षण मंडळ चार सदस्यांचे, मुख्यालय राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात. कामकाज ऑनलाइन चालणार असल्याने बोरिवलीहून दिल्लीला जावे लागणार नाही, हे खरे. पण 140 कोटींच्या देशाला चार माणसे कशी पुरी पडणार? आणि सदस्यांची नेमणूक केंद्र सरकार करणार, तर सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारींत ते किती ताठ उभे राहतील? सरकारला कायद्याने आधीच मोठी सूट दिली आहे. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी राज्य संमती न घेता माहिती वापरू शकते आणि केंद्र आपल्या कोणत्याही यंत्रणेला सुरक्षेच्या कारणाने कायद्यातून वगळू शकते. लाडकी बहीण योजनेसाठी 2024 मध्ये राज्यातल्या कोट्यवधी बायकांनी आधार, बँक खाते आणि फोटो दिले. अनेकींचे अर्ज वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या फोनवरून भरले. योजनेचा लाभ हा एक भाग झाला; त्या कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये राहिलेल्या कागदांचा हिशेब कुणी मागितलेला नाही.

सरकारची माहिती मागण्याचा नागरिकांचा हक्कही या कायद्याने आकसला आहे. अंधेरीच्या के पश्चिम, घाटकोपरच्या एन, मुलुंडच्या टी, बोरिवलीच्या आर मध्य, या पालिकेच्या वॉर्ड ऑफिसांत माहिती अधिकाराचे अर्ज टाकणारे नागरिक वर्षानुवर्षे रस्त्याच्या कंत्राटाचे, अनधिकृत बांधकामाचे, पुनर्वसन योजनेतल्या पात्र-अपात्रतेचे कागद काढत आले आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्यावर बंधने होती: सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागे. विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असेही तिथे लिहिलेले होते. नव्या कायद्याने हे सगळे काढून 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच ठेवले. आता कंत्राटदाराचे नाव वैयक्तिक, अधिकाऱ्याची सही वैयक्तिक, पात्र झोपडीधारकाची यादी वैयक्तिक. मुंबईतले माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी या बदलाविरुद्ध सातत्याने आवाज उठवला आहे. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा कलम 8(2) मध्ये शिल्लक आहे, असे सरकार म्हणते. ते खरे आहे. पण जनहित आहे की नाही हे ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्या टेबलावरची फाइल मागितलेली आहे.

वेळापत्रक पाहिले की सरकारला घाई कशाची होती ते कळते. माहिती अधिकारातला हा बदल नोव्हेंबर 2025 मध्ये नियमांबरोबर लगेच लागू झाला. नोटीस, संमती, दुरुस्ती, माहिती पुसून घेणे, फुटल्याची खबर, कंपन्यांवरचा दंड, हे सगळे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होईल. नागरिकाकडून जे घ्यायचे ते आधी घेतले, द्यायचे ते मागाहून. खासगीपणा आणि पारदर्शकता हे दोन्ही दुबळ्या माणसाचे हक्क आहेत. एकाच्या नावाने दुसरा कापणे हे पुट्टस्वामी निकालाला अभिप्रेत नव्हते.

तोवर हात बांधून बसायची गरज नाही. कलम 43-अ मे 2027 पर्यंत जिवंत आहे आणि ज्यांचे नुकसान झाले आहे त्यांनी त्याआधी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे दावा लावावा. बँक खात्यातून परस्पर पैसे गेले तर ताबडतोब 1930 वर फोन करावा. चूक ना आपली ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार खातेदारावर भुर्दंड पडत नाही. आपण विश्वासाने दिलेली माहिती दुकानाने किंवा लॅबने परस्पर दुसऱ्याला दिली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(47) प्रमाणे ती आजच अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ग्राहक आयोग त्यासाठी भरपाई देऊ शकतो. पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि विलेपार्ल्याच्या ग्राहक भवनातून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीने भेसळ आणि वजनमापापासून बिल्डरांपर्यंतच्या लढाया ग्राहकांना एकत्र करून लढल्या. माहितीची लढाईही एकेकट्याने लढायची नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत गेटवरच्या अॅपचा विषय घ्यावा, पालकसभेत क्लासेसच्या याद्यांचा, आणि आमदार-खासदारांकडे भरपाईचा हक्क परत मागावा.

दुकानात, लॅबमध्ये, बँकेत नोटीस मराठीत मागावी आणि नकार मिळाला तर तो लेखी घ्यावा. आलेले मेसेज, दिलेली बिले आणि केलेल्या तक्रारींच्या पोचा जपून ठेवाव्यात. उपनगर जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि वकीलही लागत नाही.